तळटीप : पोटातल्या रिपॉझिटरीतला दोष
मूळ मजकुरात लेखक ‘बायसेक्ट करून पाहा’ एवढेच सांगतात. त्यामागची रीत उलगडायला हवी. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी सुरू केलेल्या गिटमध्ये ही सोय आहे. नीट चालणारी जुनी कमिट आणि बिघडलेली नवी कमिट दाखवली, की गिट मधली कमिट काढून देते. ती तपासून चांगली की वाईट ते कळवले, की शोधाचा पल्ला निम्मा होतो. हजार कमिटमधला दोषी बदल साधारण १० चाचण्यांत हाती लागतो.

पोटात दुसरी रिपॉझिटरी असली, की खरी पंचाईत.

‘क्यूट’ या सॉफ्टवेअर-संचाची वरची रिपॉझिटरी पाहा. क्यूटबेससारखी सबमॉड्यूल तिच्यात आहेत, पण त्यांचा कोड तिथे नसतो. नोंदलेला असतो फक्त एकेका कमिटचा हॅश. बायसेक्ट मागे सरकते तेव्हा ही नोंद बदलते, आतल्या फाइली मात्र सहसा आहेत तशाच राहतात. बाहेरचा कोड जुना, आतला नवा, आणि या मिश्रणावर दिलेला निकाल तपास भलतीकडेच नेतो! म्हणून दर टप्प्यावर, बिल्डआधी, ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ चालवावेच लागते. चाचण्या स्क्रिप्टकडून आपोआप करून घेणारे ‘बायसेक्ट रन’ वापरताना ते अपडेट किंवा बिल्डच फसले, तर स्क्रिप्टने १२५ हा संकेतांक परत द्यावा. ‘ही कमिट वगळा’ असा त्याचा अर्थ. अशा कमिटवर ‘वाईट’ असा शेरा मारणे सर्वांत महागात पडते.

दोषी ठरलेल्या कमिटने केवळ सबमॉड्यूलचा हॅश बदलला असेल, तर जुना हॅश चांगला आणि नवा वाईट धरून आतल्या रिपॉझिटरीत बायसेक्ट पुन्हा सुरू करावे लागते.