तोबिता सुइशू : वासेदाचे क्रीडागुरू

श्रोतेहो, विद्यापीठांच्या इतिहासात कुलगुरूंची नावे येतात, विद्वान अध्यापकांची येतात. देणगीदारांची तर भिंतींवर कोरलेलीच असतात. मैदानावर मुलांना खेळ शिकविणाऱ्या माणसाला मात्र त्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. टोकियोचे वासेदा विद्यापीठ ह्या बाबतीत अपवाद होय. तेथील बेसबॉल संघाचे पहिले नियुक्त शिक्षक तोबिता सुइशू ह्यांचा अर्धपुतळा विद्यापीठाच्या आवारात, जेथे एके काळी त्यांचे मैदान होते, त्या जागी उभा आहे. विशेष असे की, हे पद त्यांनी अवघी सहा वर्षेच सांभाळले. सहा वर्षांच्या कामाची छाया शंभर वर्षे कशी टिकली, आणि ती सर्वस्वी शीतळच होती की काय, ह्याचा थोडा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

ज्यांनी क्रिकेट पाहिले आहे त्यांना बेसबॉलची कल्पना करून देणे अवघड नाही. दोन्ही बाजूंना नऊ नऊ खेळाडू. चेंडू टप्पा न पाडता सरळ फेकावयाचा. समोरच्याने तो गोल दांडूने टोलवावयाचा आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवरील ठाण्यांना क्रमाने शिवून मूळ जागी परत यावयाचे, की एक धाव पदरी पडली. १८७२ साली होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतील आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला. पाश्चात्त्यांची प्रत्येक विद्या शिकून घेऊन त्याच विद्येत त्यांच्याशी बरोबरी साधण्याची ईर्ष्या त्या काळच्या जपानात होती. त्यामुळे १८९६ साली टोकियोच्या ‘पहिल्या उच्च विद्यालया’च्या मुलांनी योकोहामा येथील अमेरिकन रहिवाशांच्या संघाला २९ विरुद्ध ४ अशा धावांनी हरविले, तेव्हा हा परका खेळ एका दिवसात स्वकीय झाला.

वासेदाचा संघ निघाला १९०१ साली. त्याचे पालक आबे इसो हे प्राध्यापक मोठे विलक्षण गृहस्थ होते. धर्माने ख्रिस्ती, मताने समाजवादी, वृत्तीने युद्धविरोधी. त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी स्थापिलेला समाजवादी पक्ष सरकारने स्थापनेबरोबरच बंद करून टाकला होता. राष्ट्राराष्ट्रांनी रणांगणावर भेटण्याऐवजी क्रीडांगणावर भेटावे, अशी त्यांची श्रद्धा होती. सर्व प्रतिस्पर्ध्यांना जिंकलेत तर तुम्हांस अमेरिकेस नेईन, असे वचन त्यांनी मुलांना दिले होते. १९०४ साली मुलांनी अट पुरी केली आणि १९०५ साली आबे ह्यांनी वचन पाळले. रशियाशी युद्ध चालू असता हा संघ प्रशांत महासागर ओलांडून गेला, २६ सामने खेळला व त्यांतील ७ जिंकून परत आला. चेंडू फेकण्याच्या, दांडू हलकेच टेकवून चेंडू जागच्या जागी मारण्याच्या अशा अनेक नव्या युक्त्या त्यांनी बरोबर आणल्या व त्या साऱ्या जपानात पसरल्या.

ह्या संघात पुढे तोबिता आले. त्यांचा जन्म १८८६ साली इबाराकी प्रांतात मितो शहराजवळ झाला. ‘सुइशू’ हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव. दुसऱ्या ठाण्याचे रक्षण करणारा खेळाडू म्हणून त्यांनी लौकिक मिळविला आणि ते संघाचे कप्तान झाले. त्यांच्या कप्तानपदाच्या काळातच, १९१० च्या शरद् ऋतूत, शिकागो विद्यापीठाचा संघ जपानला आला.

पाहुणे धिप्पाड होते आणि खेळात मुरलेले होते. वासेदाने त्यांच्याशी अनेक सामने खेळले. एकही जिंकता आला नाही. काही पराभव तर असे झाले की, प्रेक्षकांनी मान खाली घालावी. सारा दोष कप्तानाचा होता असे कोणी म्हणू शकले नसते. पण तोबितांनी तो आपल्या शिरी घेतला व संघातून ते बाहेर पडले. पराभव विसरणारे पुष्कळ असतात, त्याचे खापर दुसऱ्यावर फोडणारे त्याहून पुष्कळ. तोबितांनी हा पराभव ऋणासारखा मानला. ऋण फेडावयाचे असते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी खेळावरच संकट आले. १९११ साली टोकियोच्या ‘असाही’ वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर एक लेखमाला चालविली. ‘बुशिदो’ ह्या ग्रंथाचे कर्ते आणि पहिल्या उच्च विद्यालयाचे प्रमुख निटोबे इनाझो ह्यांनी तीत ह्या खेळाला खिसेकापूंची विद्या ठरविले, कारण प्रतिपक्षास फसवून ठाणे चोरणे हा त्याचा भागच आहे. पोर्ट आर्थरचे विजेते जनरल नोगी ह्यांनी तो वेळेचा अपव्यय असल्याचे मत दिले. खेळाच्या बाजूने जे उभे राहिले त्यांत लेखक ओशिकावा शुन्रो हे प्रमुख होते. ह्या वादातून त्यांनी आपले जुने प्रकाशनगृह सोडून नवे मासिक काढले आणि तरुण तोबिता त्यांच्या हाताखाली लिहू लागले. पुढे ते ‘योमिउरी’ वृत्तपत्रात गेले. तोबितांनी पुढे जे शिक्षण दिले त्याचे मूळ ह्या वादात आहे, असे मला वाटते. खेळ म्हणजे छचोरपणा, हा आरोप त्यांनी ऐकला होता. त्याला उत्तर द्यावयाचे तर खेळ हा तपश्चर्येइतका गंभीर करून दाखविणे भाग होते.

१९१९ साली वासेदाने संघासाठी स्वतंत्र शिक्षक नेमण्याचे ठरविले, तेव्हा वृत्तपत्रातील स्थिर नोकरी सोडून तोबिता तोत्सुकाच्या मैदानावर परतले. आपल्याकडील जुन्या तालमींतले वस्ताद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्यांच्या पद्धतीची ओळख लगेच पटेल. हातात दांडू घेऊन ते स्वतः उभे राहत आणि एकेका खेळाडूकडे डावीउजवीकडे चेंडूमागून चेंडू मारीत. खेळाडूने धावावे, वाकावे, चेंडू अडवावा, फेकावा आणि पुन्हा सज्ज व्हावे. पाय उचलेनासा होईपर्यंत हे चालावयाचे. लोकांनी ह्याला ‘मरणाचा सराव’ असे नाव दिले, आणि तोबितांनी ते नाकारले नाही. अमेरिकन खेळाडूंची उंची व बाहुबळ आपल्या मुलांना देता येणार नाही. पण चेंडू हातून न सुटण्याइतकी एकाग्रता देता येईल, असे हे गणित होते. प्रत्येक चेंडूत आपला सारा प्राण ओतावा, ह्या अर्थाचे चार अक्षरांचे एक जपानी वचन त्यांच्या नावाशी जोडले गेले आहे आणि ते आजही तेथील शाळकरी खेळाडूंच्या तोंडी असते.

ह्या श्रमांना १९२५ साली फळ आले. वासेदा आणि केइओ ह्या दोन विद्यापीठांचे सामने १९०३ साली सुरू झाले होते. परंतु प्रेक्षकांच्या हमरीतुमरीमुळे १९०६ साली ते बंद पडले व एकोणीस वर्षे बंदच राहिले. १९२५ च्या शरद् ऋतूत टोकियोच्या सहा विद्यापीठांची संघटना उभी राहिली, त्यानिमित्ताने ह्या सामन्यांचे पुनरुज्जीवन झाले आणि वासेदाने दोन्ही सामने जिंकले. त्या ऋतूचे विजेतेपदही वासेदाकडेच आले. आणि त्याच वर्षी शिकागोचा संघ पुन्हा जपानला आला असता तोबितांच्या शिष्यांनी त्याच्यावर विजय मिळविला. पंधरा वर्षांचे ऋण फिटले. तोबितांचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते, संघ ऐन भरात होता. पुढे कितीतरी विजय हात जोडून उभे होते. अशा वेळी त्यांनी शिक्षकपदाचा त्याग केला.

१९२६ साली ते ‘असाही’त दाखल झाले; ज्या पत्राने एके काळी बेसबॉलवर तोफ डागली होती, त्याच पत्रात. मधल्या काळात त्या संस्थेचे मत पार पालटले होते व १९१५ पासून माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा तीच भरवीत होती. १९२७ साली ह्या स्पर्धेचे वर्णन आकाशवाणीवरून मैदानातूनच ऐकविण्यात आले. जपानात क्रीडासामन्याचे असे ते पहिलेच ध्वनिक्षेपण. त्या वर्षीपासून वासेदा-केइओचे सामनेही घरोघरी ऐकू जाऊ लागले. लोक कानांनी ऐकत आणि दुसऱ्या दिवशी तोबितांचे परीक्षण वाचून काय ऐकले ते समजून घेत. विद्यार्थ्याने खेळावे ते पैशासाठी नव्हे, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत कायम होता व धंदेवाईक बेसबॉल त्यांना कधी रुचला नाही. तरीही १९३६ साली टोकियोच्या ‘जायंट्स’ ह्या धंदेवाईक संघाची सूत्रे हाती घेऊन ज्याने खेळाडूंना अत्यंत कठोर सरावाला जुंपले, तो फुजिमोतो सादायोशी वासेदाचा, तोबितांच्याच हाताखालचा. गुरूला नको असलेल्या घरी गुरूची विद्या अशी नांदू लागली.

आता १९४३ सालाकडे वळू. युद्ध प्रतिकूल होत चालले होते. शत्रूचा खेळ म्हणून बेसबॉलकडे वक्र दृष्टीने पाहिले जात होते. त्यातील इंग्रजी संज्ञासुद्धा हद्दपार करण्यात येत होत्या. वसंत ऋतूत सहा विद्यापीठांची संघटना सरकारी हुकुमाने मोडण्यात आली. तोत्सुकाच्या मैदानावर वासेदाच्या मुलांचा सराव मात्र चालूच होता आणि सल्लागार म्हणून तोबिता तेथे येत होते. ऑक्टोबरात विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून मिळणारी सूट रद्द झाली. मुलांनी आता पुस्तके मिटून सैन्यात जावयाचे, हे निश्चित झाले. जाण्यापूर्वी एकदा वासेदाशी खेळावे, अशी इच्छा केइओच्या मुलांनी प्रकट केली. केइओचे अध्यक्ष कोइझुमी शिन्झो ह्यांनी तिला मान्यता दिली. त्यांचा स्वतःचा तरुण मुलगा आदल्याच वर्षी युद्धात पडला होता. वासेदाचे अधिकारी मात्र राजी होईनात. तोबितांनी विनवण्या केल्या, वाद घातला आणि शेवटी आपल्या संघाच्या जबाबदारीवर सामना ठरविला.

१६ ऑक्टोबर १९४३ रोजी तोत्सुकाच्या मैदानावर हा सामना झाला. सन्मानाचे आसन सोडून कोइझुमी आपल्या विद्यार्थ्यांत जाऊन बसले. वासेदाने १० विरुद्ध १ असा विजय मिळविला. केइओची बहुतेक मुले आधीच गावी परतली होती, त्यांना सराव असा नव्हताच. पण त्या दिवशीची धावसंख्या कोणी मनावर घेतली नाही. सामना संपल्यावर वासेदाच्या मुलांनी केइओचे गीत म्हटले आणि केइओच्या मुलांनी वासेदाचे. पाचच दिवसांनी मेइजी मंदिराच्या पटांगणात भर पावसात विद्यार्थी-सैनिकांना निरोप देण्याचा समारंभ झाला. त्या दिवशी खेळलेल्यांपैकी काही परत आले नाहीत.

ज्या माणसाने एका पराभवासाठी पंधरा वर्षे जिवाचे रान केले, त्यानेच हा असा सामना घडवून आणला की ज्यात जयापजयाला अर्थ उरला नव्हता. तोबितांच्या चरित्रातील मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच. मुलांना मरणाचा सराव देणाऱ्या ह्या गुरूला, मुले खरोखर मरणाकडे चालली तेव्हा, त्यांच्या हाती द्यावयास एक दुपारचा खेळ एवढेच काय ते होते. आणि तेवढे त्यांनी दिले.

युद्ध संपल्यावर तीन महिन्यांतच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, वासेदा व केइओचे नवेजुने खेळाडू पुन्हा समोरासमोर उभे राहिले. तोबितांनी विद्यार्थी-बेसबॉलच्या पुनर्घटनेत मन घातले आणि परीक्षणे लिहिणे चालू ठेवले. १९४९ साली आबे इसो निवर्तले, तेव्हा तोत्सुकाच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. जपानच्या बेसबॉल-कीर्तिमंदिरात १९५९ साली आबे ह्यांना व १९६० साली तोबितांना स्थान मिळाले. २६ जानेवारी १९६५ रोजी तोबिता वारले. ते मैदानही आता राहिले नाही. तेथे विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. आबे आणि तोबिता ह्या गुरुद्वयाचे अर्धपुतळे मात्र तेथे आहेत.

एवढ्यावर थांबलो तर ही प्रशस्ती होईल, इतिहास नव्हे. तोबितांच्या मागून त्यांचे नाव घेणारे शिक्षक जपानच्या शाळाशाळांतून झाले. त्यांतील अनेकांनी गुरूची कठोरता तेवढी उचलली. सरावाला मर्यादा नाही, वरिष्ठांपुढे तोंड उघडावयाचे नाही, चुकले तर मार खावयाचा, असा प्रघात पडला. ह्याचा झाडा खुद्द वासेदातच घेतला गेला. कुवाता मासुमी हा जायंट्सचा नामांकित गोलंदाज निवृत्त झाल्यावर वासेदात पदव्युत्तर अभ्यासासाठी दाखल झाला आणि २०१० साली पुऱ्या झालेल्या आपल्या प्रबंधात त्याने तोबितांच्या शिकवणीचीच परीक्षा केली. धंदेवाईक खेळाडूंची पाहणी करून मारहाण किती सर्रास चालते हे त्याने दाखविले. सरावाच्या परिमाणाऐवजी त्याची प्रत, आज्ञाधारकतेऐवजी परस्परांविषयी आदर आणि मनाच्या दमनाऐवजी मनाचा समतोल, अशी नवी सूत्रे त्याने मांडली. मात्र त्याने तोबितांना निकालात काढले नाही. लष्करशाहीच्या दिवसांत खेळ जगवावयाचा तर त्याला शिस्तीचे चिलखत चढविणे भाग होते, हे त्याने ओळखले. चूक झाली ती युद्ध संपल्यावरही चिलखत अंगावरून न उतरविणाऱ्यांची.

श्रोतेहो, खेळाच्या शिक्षकाचे यश कशाने मोजावे, ह्या प्रश्नाला तोबितांच्या चरित्रात एकच उत्तर सापडत नाही. विजयांनी मोजावे तर १९२५ साल आहे. शिष्यपरंपरेने मोजावे तर तीत सोनेही आहे आणि हिणही आहे. परंतु परंपरेतले हीण निवडून काढण्याचे काम शेवटी त्यांच्याच विद्यापीठात, त्यांच्याच खेळात आयुष्य घालविलेल्या एका खेळाडूने केले. गुरूचा शब्द शिष्याने निरखून पाहावा, पटेल तो ठेवावा आणि न पटेल तो आदराने बाजूस सारावा, इतकी जिवंत जी विद्या राहिली, ती देणाऱ्याचे श्रम वाया गेले नाहीत असेच म्हटले पाहिजे.