लीग सोडण्याची किंमत : पुणे आणि कोचीचे कागद

एखादा संघ लीग सोडतो तेव्हा बातम्यांत मानापमान गाजतो. वादाचं मूळ शोधायचं तर बोली, करार, बँक गॅरंटी आणि निकालपत्र यांकडे वळावं लागतं. आयपीएलमधून बाहेर पडलेल्या पुणे आणि कोची या दोन संघांची हकिकत या कागदांतून बरीचशी जुळवता येते.

21 मार्च 2010 रोजी चेन्नईत दोन नव्या संघांचा लिलाव झाला. पुण्यासाठी सहारा समूहाने 37 कोटी डॉलरची, म्हणजे सुमारे 1,702 कोटी रुपयांची बोली लावली, कोचीसाठी 33.3 कोटी डॉलरवर बोली थांबली. पैसे दहा वर्षांत फेडायचे होते. पुण्याजवळच्या गहुंजेचं मैदान तयार नव्हतं, म्हणून 2011 च्या हंगामात पुण्याचा संघ ठाणे जिल्ह्यातल्या नेरूळला, डी. वाय. पाटील मैदानावर घरचे सामने खेळला.

वादाची ठिणगी पडली ती सामन्यांच्या संख्येवरून. दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळले, तर 90 साखळी सामने आणि चार बाद फेरीचे मिळून 94 होतात. 2011 मध्ये प्रत्यक्षात 74 झाले. सामने घटले, त्या प्रमाणात फीही घटवा, ही सहाराची मागणी होती. तडजोड झाली नाही. थकलेल्या फीपोटी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने बँक गॅरंटी वटवली आणि 21 मे 2013 रोजी सहाराने आयपीएल सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये मंडळाने करारच संपवला.

कोचीचा संघ एकच हंगाम खेळला. पुढच्या हंगामाची गॅरंटी मार्च 2011 मध्ये द्यायची होती, ती आली नाही. सप्टेंबर 2011 मध्ये मंडळाने करार रद्द करून आधीची गॅरंटी वटवली. वरवर पाहता चूक संघाचीच दिसते. लवाद म्हणून बसलेले माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी मात्र दोन्ही बाजूंचं वर्तनही तपासलं. मुदत टळल्यावरही मंडळाने संघाशी व्यवहार चालू ठेवला होता, म्हणजे मुदतीचा आग्रह मंडळानेच सोडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. 22 जून 2015 च्या निवाड्यात संघ चालवणाऱ्या कोची क्रिकेट प्रा. लि.ला 384 कोटींहून अधिक आणि बोली लावणाऱ्या गटातल्या रॉन्देवू स्पोर्ट्स वर्ल्डला 153 कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. मंडळाने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. 17 जून 2025 रोजी न्या. रियाझ छागला यांनी ते फेटाळलं. लवाद कायद्याच्या कलम 34 खाली न्यायालय अपिलासारखा पुरावा पुन्हा तोलत नाही, हे त्यामागचं मुख्य सूत्र.

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे क्रीडासंघही लीग सोडण्याच्या कलमांवरून कोर्टात गेले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स ही विद्यापीठांची लीग सोडताना मेरीलँड विद्यापीठाकडे 5.2 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मागितली गेली. 2014 मध्ये 3.1 कोटींवर समेट झाला. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ आणि हीच कॉन्फरन्स डिसेंबर 2023 मध्ये एकमेकांविरुद्ध दावे घेऊन उभे राहिले. मार्च 2025 च्या समझोत्यात बाहेर पडण्याची रक्कम वर्षागणिक उतरत जाईल असं ठरलं.

या साऱ्या कागदांतून मला एक गोष्ट पक्की वाटते. लीगमध्ये शिरताना सगळ्यांचं लक्ष बोलीकडे असतं. ती सोडण्याच्या अटी दुरावा आल्यावरच वाचल्या जातात, आणि तोवर कलमाइतकंच महत्त्व मधल्या काळातल्या पत्रव्यवहाराला आलेलं असतं. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे, किन्हवलीच्या पंचक्रोशीत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही हे लागू आहे. संघाने मध्येच माघार घेतली तर प्रवेश फीचं काय, सामने कमी झाले तर काय, हे पहिल्या बैठकीतच ठरावात लिहावं, आणि पुढे सवलत दिली तर तिचीही नोंद करावी. दोन ओळींचा असा ठराव गावातला वाद गावातच मिटवू शकतो.