कर्करोगसूचक त्वचाविकार

शरीरात आत वाढणाऱ्या कर्करोगाची चाहूल देणारे दुर्मिळ त्वचाविकार. वैद्यकात त्यांना पॅरानिओप्लास्टिक विकार म्हणतात. अशा त्वचेत कर्कपेशी नसतात. गाठीतून रक्तात उतरणारी वृद्धिद्रव्ये व संप्रेरके किंवा गाठीविरुद्ध चेतलेली प्रतिकारशक्ती यांमुळे त्वचा बदलते. गाठ काढल्यावर त्वचा बरेचदा निवळते. रोग उलटला तर डागही परततात. विकार आणि कर्करोग यांचे नाते पारखण्याचे निकष हेलन ओलेन्डॉर्फ कर्थ या त्वचारोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखले जातात.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता अकॅन्थोसिस निग्रिकान्स. याचे पहिले वर्णन 1890 मधले. मान, काखा व जांघा काळवंडतात, त्वचा मखमलीसारखी जाड होते. आपल्याकडे अशा माना सर्रास दिसतात, पण त्यामागे बहुतेक वेळा स्थूलता व इन्सुलिनरोध असतो. हा काळेपणा मळ समजून घासत बसण्यापेक्षा रक्तातली साखर तपासावी. उतारवयात, वजन घटत असताना, काही आठवड्यांत काळेपणा झपाट्याने पसरला, ओठ व तोंडही खरखरीत झाले, तर मात्र जठराच्या कर्करोगाची शंका घेणे भाग आहे. सोबत तळहात जाड होऊन त्यांवरच्या रेषा खोल गेल्या तर शंका बळावते. नुसतेच तळहात तसे झाले तर आधी फुप्फुसे पाहतात.

डर्मॅटोमायोसायटिसमध्ये पापण्यांवर जांभळट छटा व बोटांच्या सांध्यांवर चट्टे येतात, जिना चढताना मांड्यांत बळ उरत नाही. प्रौढ रुग्णांपैकी काहींना अंडाशय, फुप्फुस वा अन्य अवयवाचा कर्करोग असतो. सावळ्या त्वचेवर ही छटा करडी-तपकिरी भासते आणि सहज निसटते.

लेझर-त्रेला खुणेत अंगावर एकाएकी असंख्य चामखिळीसारखे उंचवटे उठतात. वयानुसारही ते येत असल्याने ही खूण वादग्रस्त आहे. शिवाय ज्या दोन शल्यचिकित्सकांचे नाव तिला मिळाले, त्यांनी पाहिले होते ते बहुधा रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके. 1965 मध्ये बाझेक्स यांनी वर्णिलेल्या विकारात कान, नाकाचा शेंडा व बोटे यांवर निळसर-लाल, खवलेदार चट्टे पडतात. तेव्हा घसा व अन्ननलिका तपासणे अगत्याचे असते.

सर्वांत फसवा विकार स्वादुपिंडातील ग्लुकॅगोनोमा या गाठीचा. जांघेत व पोटावर कडेने सरकणारे, सोलवटणारे चट्टे येतात; त्यांवर नायटा किंवा इसब म्हणून दीर्घकाळ मलमे लावली जातात. मधुमेह, घटते वजन व सोललेली जीभ जोडीला असेल, तर रक्तातील ग्लुकॅगॉन मोजावे. ही गाठ सावकाश वाढते व वेळीच सापडल्यास शस्त्रक्रियेने काढता येते, पण निदान होईपर्यंत ती बरेचदा यकृतात पसरलेली असते.