नाव कुणाचे? अंबरनाथच्या देवळापासून भायखळ्याच्या संग्रहालयापर्यंत

गटाची सहल मुंबईला कलेचे प्रदर्शन बघायला न्यायची म्हटले की कुणीतरी हमखास विचारते, "ते शिकल्यासवरल्यांचं काम, आपण तिथं जाऊन काय करायचं?" आज मी या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून देणार आहे. सुरुवात आपल्या अंबरनाथपासूनच करू.

वालधुनीच्या काठचे आपले शिवमंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे. राजाचे नाव राहिले, त्याच्या कारभाऱ्यांची नावे राहिली. बाहेरच्या भिंतींवरच्या शेकडो मूर्ती ज्यांनी छिन्नी-हातोड्याने घडवल्या, त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत.

पुढे इंग्रजी अमलात, १८६८ च्या सुमारास, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातली मंडळी या देवळात आली. त्यांनी मापे घेतली, चित्रे काढली, कोरीव कामाचे साचे घेतले. म्हणजे शहरातले कलाकार शिकायला आपल्या दारात आले होते. त्याच काळात इथला शिलालेख वाचण्याचा प्रयत्न एका मराठी डॉक्टरांनी केला. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. त्यांनी वाचलेले वर्ष पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त केले, पण लेख लोकांपुढे आणला तो त्यांनी. मुलींच्या शिक्षणासाठीही त्यांनी खूप खटपट केली.

आता भायखळ्याला चला. राणीच्या बागेत याच भाऊ दाजींच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याची गोष्ट सुरू होते ती प्रदर्शनापासून. १८५१ मध्ये लंडनला आणि १८५५ मध्ये पॅरिसला मोठी जागतिक प्रदर्शने भरली. तिथे पाठवायला सरकारने आपल्याकडच्या कारागिरांच्या वस्तू गोळा केल्या. तशाच काही वस्तू मुंबईतही ठेवाव्यात, असे ठरले आणि किल्ल्यातल्या एका बराकीत छोटे संग्रहालय उभे राहिले. १८५७ च्या बंडात लष्कराने ती जागा ताब्यात घेतली आणि वस्तूंची नासधूस झाली. मग भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी जमवली. नवी इमारत २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडली. तिला राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचे नाव होते. भाऊ दाजींचे नाव मिळायला १९७५ साल उजाडले.

आत गेलात की मातीच्या छोट्या बाहुल्या नक्की बघा. त्यांत वेगवेगळ्या समाजांची आणि धंद्यांची माणसे आहेत. लुगड्याचा काच, पागोट्याची घडी, हातातले अवजार, सगळे हुबेहूब. शिवाय लाकूडकाम, हस्तिदंती काम, नक्षीची भांडी आहेत. हे बघताना एक करा. वस्तूखालची पाटी वाचा. कशापासून केली, कुठली, कधीची, हे सापडेल. कुणी केली, हे जुन्या वस्तूंच्या बाबतीत क्वचितच सापडेल. त्या काळी सरकारला माल हवा होता, व्यापाराची माहिती हवी होती. कारागिराचे नाव टिपून ठेवावे, असे फार कुणाला वाटले नाही.

याच्या उलट घडलेली गोष्टही आपल्या शेजारच्याच भागातली आहे. डहाणूकडे वारल्यांच्या लग्नात सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. हे बायकांचे काम. पिढ्यान् पिढ्या त्यांनी ते केले आणि कुणीही खाली नाव लिहिले नाही. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी तिथे गेले. त्यांनी कागद आणि रंग दिले. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे मुंबईच्या कलादालनात लागली, पुढे परदेशात गेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे यांचे कष्ट आणि कसब मोठेच होते. पण बघा, चित्राखाली नाव आले तेव्हा कलेला किंमत आली, आणि नाव आले ते आधी पुरुषाचे. चौक लिहिणाऱ्या सवासिनी निनावीच राहिल्या.

उल्हासनगरची गंमत तर तुम्हाला ठाऊक आहेच. फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांनी छावणीत शून्यातून धंदे उभे केले. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असायचे आणि विचारले तर म्हणे, "उल्हासनगर सिंधी असोसिएशन!" हसण्यावारी नेऊ नका. माल चांगला असला तरी आपल्या गावाच्या नावाने खपेल, याची खात्री नव्हती, हाच त्याचा अर्थ.

आणि आपण? आपल्या एका गटाच्या गोधड्या एका दुकानदाराने घाऊक घेतल्या, स्वतःचे लेबल शिवले आणि दुपटीने विकल्या. गोधडी तीच, टाका तोच. फरक पडला तो फक्त नावाने.

म्हणून मुंबईला प्रदर्शन बघायला जायचे. संग्रहालय असो, जहांगीर कलादालन असो, नाहीतर बचत गटांचे सरस असो, पाटीवर काय लिहिले आहे ते बघायचे. मांडणी कशी केली, उजेड कुठून दिला, किंमत कुठे लिहिली, हे वहीत टिपून घ्यायचे. भायखळ्याला जायला आपल्या लोकलने एकच तिकीट पुरते, आणि स्टेशनपासून पूर्वेला बाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. फक्त बुधवार टाळा, त्या दिवशी बंद असते.

परत आल्यावर पुढच्या मासिक बैठकीत एक विषय घ्या. प्रत्येक गोधडीला, पिशवीला, मसाल्याच्या पाकिटाला चिठ्ठी लावायची. तिच्यावर गटाचे नाव, गावाचे नाव, आणि करणाऱ्या बाईचे नाव. अंबरनाथच्या मूर्ती घडवणाऱ्यांची नावे आता शोधून सापडणार नाहीत. आपली लिहून ठेवणे आपल्या हातात आहे.