निजामशाही अहमदनगरातील गुणीजनांचे विजापूरकडे स्थलांतर

प्रस्तावना :
कुशल व विद्वान मनुष्यांनी शेजारच्या संपन्न राज्यात निघून जाणे ही आधुनिक काळातीलच समस्या मानली जाते. तथापि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) निजामशाहीने हाच अनुभव घेतला. हे स्थलांतर केवळ विजापूरच्या वैभवाच्या ओढीने घडले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निजामशाहीचा गुणिजनसंग्रह :
अहमद निजामशहाने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली व पुढे भिंगारजवळ नवी राजधानी वसविली. या नगराने दूरदेशीचे गुणीजन आकृष्ट केले. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने इराणी विद्वान शाह ताहीर यास आश्रय दिला. त्याच्याच कारकिर्दीत, १५४९ मध्ये, मुहम्मद रूमी या कारागिराने 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. पुढे अस्तराबादहून आलेला गुलाम अली हिंदूशाह हा राजपुत्र मिरान हुसेनचा शिक्षक झाला. इतिहासकार फरिश्ता हा त्याचा पुत्र होय.

स्थलांतराची कारणे :
१५८८ मध्ये मिरान हुसेनने पिता मुर्तजा निजामशहाचा वध करविला. त्या प्रसंगी मुर्तजाच्या सेवेत असलेला फरिश्ता केवळ नव्या सुलतानाशी असलेल्या बालपणीच्या ओळखीमुळे बचावला. १५८९ मध्ये मिरान हुसेनही मारला गेला. दक्षिणी व परदेशी या दरबारी पक्षांतील वैर विकोपास जाऊन जमालखानाच्या उठावात परदेशीयांची कत्तल झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस फरिश्ता विजापुरी गेला. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहास 'साकीनामा' अर्पण करणारा कवी जुहुरी व त्याचा श्वशुर मलिक कुम्मी हेही इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयास गेले.

१५६५ च्या विजयनगरविरुद्धच्या युद्धानंतर विजापूरचा दक्षिणेकडे विस्तार झाला होता; त्यामुळे तेथे आश्रयाची साधने विपुल होती. परंतु फरिश्ता अहमदनगराहून निघाला तो वेतनवाढीसाठी नव्हे, प्राणरक्षणासाठी. अर्थात त्याचा वृत्तांत वाचताना तो स्वतः परदेशी पक्षातील होता व त्याने तो आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. तसेच कवी व इतिहासकार यांची नोंद राहिली. सामान्य कारागिरांची वाट मात्र बखरी व तवारिखांतून क्वचितच उमगते.

निष्कर्ष :
१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. परंतु राज्याची बौद्धिक हानी त्यापूर्वीच सुरू झाली होती. निजामशाहीच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन असलेला फरिश्ताचा ग्रंथ विजापुरात लिहिला गेला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. १६३२ मध्ये 'मलिक-ए-मैदान' तोफही परांड्याहून विजापुरास नेण्यात आली. तोफ नेण्यास सत्तांतर घडावे लागले; माणसे मात्र जीविताची हमी संपताच निघून गेली. शेजारचे वैभव गुणवंतांना दिशा दाखविते. त्यांना घराबाहेर काढते ती स्वराज्यातील असुरक्षितता, असे या उदाहरणावरून दिसून येते.