कराची हलवा, मुक्काम दिल्ली

फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या एका कुटुंबाची हिंदी कथा मराठीत आणताना मी 'कराची हलवा' या शब्दांपाशी अडखळले. पहिल्या खर्ड्यात सरळ 'बॉम्बे हलवा' लिहून टाकलं. पुण्यात आमच्या घरी त्याला तेच म्हणत. तुपाने तुळतुळीत, काजू अडकलेले केशरी चौकोन; आजी कवळी काढून ठेवायची आणि एकेक तुकडा अर्धा तास चघळायची. पदार्थ तोच, वाचकाच्या ओळखीचं नाव द्यावं, एवढाच माझा विचार.

पुढे एका रविवारी नोएडाहून मेट्रोने चांदणी चौकात गेले. (पुण्याचा नव्हे, दिल्लीचा.) फतेहपुरीचं चैनाराम हे दुकान 1901 मध्ये लाहोरच्या अनारकली बाजारात सुरू झालं आणि फाळणीनंतर इथे आलं. दुकान मूळचं लाहोरचं, नाव सिंधी हलवायाचं, ख्याती कराची हलव्याची. मुंबईच्या चंदू हलवाईंचंही तसंच: 1896 साली कराचीत सुरुवात, फाळणीनंतर मुंबई, पण नावातलं 'कराचीवाला' कायम.

या हलव्यात दूध नाही, खवा नाही. पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर साखरेच्या पाकात ओतायचं आणि थोडं थोडं तूप सोडत घोटत राहायचं. स्टार्च फुगत जातो, पांढरं गढूळ मिश्रण काचेसारखं नितळ होतं. लिंबाचा रस पडल्यामुळे साखरेची कणी धरत नाही, म्हणून तुकडा मऊ, चिवट राहतो आणि फ्रिजशिवाय कित्येक दिवस टिकतो. कॉर्नफ्लॉवर येण्याआधी अशा हलव्यांना गव्हाचा चीक लागे. ज्यांनी उन्हाळ्यात कुरडयांसाठी चीक घाटला आहे, त्यांना या हलव्यामागची मेहनत वेगळी सांगायला नको. माहीमचा हलवाही याच गोतातला, फक्त लाटून पातळ केलेला.

नोव्हेंबर 2020 मध्ये वांद्र्याच्या एका मिठाईच्या दुकानाला 'कराची' हे नाव बदला म्हणून एका राजकीय नेत्याने बजावलं, आणि दुकानदारांनी पाटीवरचा तो शब्द वर्तमानपत्राने झाकला. बातमी वाचून तेव्हा मी चिडले होते. चैनारामच्या गर्दीत रांगेत उभी असताना ती आठवली आणि ओशाळायला झालं. खर्ड्यात मीही तेच केलं होतं. मला तर कुणी दमही दिला नव्हता. कथेतल्या म्हातारीने शहर सोडलं, घर सोडलं. त्या शहराचं नाव तिच्या तोंडी उरलं ते एवढ्या एका मिठाईपुरतं. तेही मी काढून घेतलं होतं.

छपाईच्या प्रतीत आता 'कराची हलवा' आहे, तळटीप नाही. 'वाचकांना कळेल का?' असं संपादकांनी विचारलं. डब्यात चार तुकडे उरले होते, ते मी त्यांना नेऊन दिले.