बर्बर कोण, अरब कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'बर्बर' हा शब्द आपण मराठीत रानटी, क्रूर अशा अर्थाने वापरतो. आपली भाषा न बोलणाऱ्या परक्यांसाठी ग्रीकांचाही असाच एक शब्द होता. उत्तर आफ्रिकेतल्या एका प्राचीन समाजाला मात्र हा शब्द नाव म्हणूनच कायमचा चिकटला. ते लोक स्वतःला 'अमाझिग' म्हणवतात, अनेकवचनात 'इमाझिगेन'. स्वतंत्र माणसे, असा त्याचा अर्थ ते सांगतात. आज मला बोलायचे आहे ते या लोकांविषयी, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या अरबांविषयी, आणि या दोघांच्या रक्तात शास्त्रज्ञांना काय आढळले त्याविषयी.

नकाशावर पाहा. वर भूमध्य समुद्र, खाली सहारा, आणि मधल्या पट्ट्यात मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया. या भागाला अरबीत मगरिब म्हणतात, म्हणजे सूर्य मावळतो तो प्रदेश. संध्याकाळच्या नमाजाचे नावही तेच. या पट्ट्यात कोण आले नाही? फिनिशियन व्यापारी आले, त्यांनी कार्थेज वसवले. मग रोमन, व्हँडल, बायझंटाइन आले. सातव्या शतकात अरब सैन्ये आली आणि अकराव्या शतकात बनू हिलाल या अरब टोळ्या कुटुंबकबिल्यासह आल्या. पुढे तुर्क आले आणि 1830 मध्ये अल्जीरियात फ्रेंच उतरले.

फ्रेंचांना राज्य करायचे होते. त्यांच्यातल्या काही अधिकाऱ्यांनी आणि लेखकांनी असा सिद्धान्त मांडला की, अल्जीरियाच्या डोंगराळ भागातले कबाइल बर्बर हे मुळात युरोपीय रक्ताचे, म्हणून आपल्याला जवळचे. अरब तेवढे परके. मोरोक्कोत तर 16 मे 1930 रोजी एक फर्मान निघाले. बर्बर टोळ्यांना शरियतच्या न्यायालयांपासून वेगळे काढून त्यांच्यासाठी रूढीनुसार चालणारी निराळी न्यायव्यवस्था त्याने लावून दिली. लोक खवळले, मशिदींतून प्रार्थनासभा झाल्या, आणि मोरोक्कोच्या राष्ट्रीय चळवळीला तिथून जोर चढला. एका समाजाचे रक्त वेगळे आहे असे म्हणणे हे नुसते पुस्तकी मत राहत नाही. त्यातून कायदे होतात, न्यायालये होतात, शाळा होतात. म्हणूनच हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

या वेगळ्या रक्ताची परीक्षा करण्याचे साधन विसाव्या शतकाच्या शेवटी हाती आले. आपल्या पेशींत डीएनएचा एक छोटा भाग असा असतो की, तो फक्त आईकडून येतो. पुरुषांमधले वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते. पिढ्यानपिढ्या नक्कल होताना त्यांत मधूनमधून एखादा बारीक बदल होतो आणि तो पुढच्या वंशात टिकतो. असे बदल जुळवत गेले की, कोणत्या शाखा कुठे आणि साधारण केव्हा फुटल्या ते कळते. मात्र या दोन्ही एकेकच वाटा झाल्या. आपल्या हजारो पूर्वजांचा हिशेब हवा असेल तर सगळ्याच गुणसूत्रांकडे पाहावे लागते.

2001 मध्ये स्पेनमधील संशोधकांच्या पुढाकाराने वायव्य आफ्रिकेतील पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अरबी बोलणारे आणि बर्बर बोलणारे यांच्यात फारसा फरक निघाला नाही. अरबीकरण झाले ते मुख्यतः भाषेचे आणि धर्माचे, माणसे बदलली नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 2017 मध्ये सगळी गुणसूत्रे तपासणाऱ्या अभ्यासाने त्यात दुरुस्ती केली. मध्यपूर्वेतून माणसेही खरोखरच आली होती, आणि त्यांची खूण आज अरब आणि बर्बर अशा दोघांतही दिसते. अरब आणि बर्बर यांच्यात रेघ मारता येत नाही हे कायम राहिले. उलट, एका बर्बर गटात आणि दुसऱ्या बर्बर गटात मात्र मोठे अंतर आढळले. दक्षिण ट्युनिशियात चेनिनी नावाचे गाव आहे. तिथले लोक डोंगरात कोरलेल्या घरांत राहत आले. शेकडो वर्षे सोयरिकी आपसातच झाल्याचे त्यांच्या गुणसूत्रांत दिसते. अल्जीरियातल्या काही बर्बरांत सहारापलीकडच्या आफ्रिकेचा वाटा मोठा आहे. भाषेचे कूळ एक, पण प्रत्येकाची वाट निराळी.

मग या सगळ्यांच्या आधी तिथे कोण होते? मोरोक्कोच्या पूर्व भागात ताफोराल्त नावाची गुहा आहे. तिथे सुमारे 15 हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी लोकांची दफने आहेत. उष्ण हवेत डीएनए लवकर नासतो, तरी त्या हाडांतून तो मिळवण्यात यश आले आणि 2018 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. या लोकांच्या संस्कृतीला विसाव्या शतकाच्या आरंभी 'आयबेरोमॉरुशियन' असे नाव दिले गेले होते, कारण त्यांचा संबंध स्पेनच्या आयबेरिया द्वीपकल्पाशी असावा असा तर्क होता. डीएनएने तो तर्क खोटा ठरवला. युरोपचा मागमूस नव्हता. सुमारे दोन तृतीयांश वारसा मध्यपूर्वेतल्या प्राचीन लोकांशी जुळणारा आणि एक तृतीयांश सहारापलीकडच्या आफ्रिकेशी जुळणारा निघाला. म्हणजे शेती नव्हती, गावे नव्हती, अरब नव्हते, बर्बर हे नावही नव्हते, तेव्हाचे माणूससुद्धा मिश्रच होते! आणि त्या गुहेतल्या बहुतेकांमध्ये आढळलेली आईकडची शाखा आजही मगरिबमधल्या लोकांत सापडते.

शेती आणि पशुपालन तिथे कसे आले, याचेही उत्तर मिळू लागले आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सुमारे 7,400 वर्षांपूर्वी आयबेरियातून समुद्र ओलांडून शेतकरी उत्तर मोरोक्कोत आले. जवळपासच्या स्थानिकांनी त्यांची विद्या उचलली. त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी पूर्वेकडून, लेव्हांटच्या बाजूने, पशुपालक आले. पुढे सगळे एकमेकांत मिसळले. लिबियाच्या वाळवंटातली गोष्ट निराळी. सहारा हिरवा होता तेव्हाच्या, म्हणजे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या दोन स्त्रियांचे अवशेष ताकारकोरीच्या खडकाळ आश्रयात मिळाले. त्यांचा डीएनए 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गुरेढोरे पाळणाऱ्या समाजातल्या होत्या, पण त्यांचे रक्त मुख्यतः उत्तर आफ्रिकेतल्याच एका फार जुन्या शाखेचे, ताफोराल्तच्या लोकांना जवळचे होते. तिथे गुरे राखण्याची विद्या आली, माणसे फारशी आली नाहीत. म्हणजे एका ठिकाणी माणसे विद्या घेऊन आली, तर दुसऱ्या ठिकाणी विद्याच पुढे सरकली. नुसती खापरे आणि हाडे पाहून हा भेद करणे अवघड होते.

आता यातला धोका सांगतो. अरब आणि बर्बर रक्ताने वेगळे नाहीत असे म्हटले की कोणी लगेच म्हणेल, मग अमाझिग अस्मिता ही थोतांडच! हा निष्कर्ष तितकाच चुकीचा आहे. तमाझिग्त भाषेला मोरोक्कोच्या संविधानाने 2011 मध्ये आणि अल्जीरियाच्या संविधानाने 2016 मध्ये अधिकृत स्थान दिले. हा हक्क कुणाच्या गुणसूत्रावरून मिळाला नाही. आईने मुलाशी जी भाषा बोलली, तिला शाळेत आणि कचेरीत जागा मिळावी म्हणून लोकांनी दशकानुदशके झगडून तो मिळवला. वेगळे रक्त सिद्ध झाले म्हणून तो मोठा झाला नसता, आणि सिद्ध झाले नाही म्हणून लहानही होत नाही.

ट्युनिसमध्ये 1332 साली जन्मलेला इब्न खल्दून हा थोर इतिहासकार स्वतःचे घराणे येमेनच्या हद्रमौतचे सांगत असे. अनेक बर्बर टोळ्याही येमेनी पूर्वज सांगत. अशा दाव्यांकडे तो चिकित्सक नजरेने पाही. त्याचे म्हणणे असे की, वंश ही मुळात मनाने मानलेली गोष्ट. तिचे मोल एवढेच की, तिने माणसे एकमेकांना धरून राहतात. हे त्याने चौदाव्या शतकात लिहिले, तेव्हा त्याच्यापाशी ना सूक्ष्मदर्शक होता, ना प्रयोगशाळा. आजच्या प्रयोगशाळांनी त्याच्या प्रांतातल्या माणसांची गुणसूत्रे तपासली, आणि माझ्या मते त्याच्या म्हणण्याला बळकटीच दिली.